डावीकडील माप

३ जुलै २०२४, बुधवार. दिग्रस.

ही वही प्रफुल्लने नागपूरच्या दवाखान्यासमोरील दुकानातून आणली. तिच्या पुढील बाजूने समीक्षाचे पाणी व लघवी यांची नोंद राहील, तशी डॉक्टर बाईंची सूचना आहे. मागील पाने कोरी राहणार. ती वाया जाऊ नयेत म्हणून मी येथे लिहीत आहे. हा मजकूर कोणास वाचून दाखविण्यासाठी नाही.

प्रथम हकीकत. समीक्षा ही माझा मुलगा प्रफुल्ल व सून दीपा यांची एकुलती कन्या. वय सहा वर्षे पूर्ण. दोन वर्षांत तिला चार वेळा हुडहुडी भरून ताप आला. दर वेळी औषध झाले व ताप उतरला. अखेर नागपूरला निदान झाले की मूत्राशयातील लघवी डाव्या नळीवाटे उलट वर किडनीकडे चढते व तेथे जंतू नेते. पोट न उघडता, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून त्या नळीच्या मुखाशी एका घट्ट औषधाचे इंजेक्शन द्यावयाचे, म्हणजे तेथे उंचवटा तयार होऊन उलट वाट बंद होते, असा हा उपचार आहे. काल तो झाला. अर्धा तासही लागला नाही. आज आम्ही एस.टी.ने परत आलो. समीक्षाने कारंजापर्यंत झोप घेतली व नंतर बिस्किटे मागितली.

निघताना डॉक्टर बाई म्हणाल्या, "रोज रात्रीचं औषध चुकवायचं नाही. पाणी भरपूर. आठ-दहा दिवस किती पिते, किती होते, लिहून ठेवा. आणि एक महिन्यानं सोनोग्राफी. ताप नसला, पोरगी उड्या मारत असली तरी करायचीच. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं." हे त्या दीपाकडे पाहून बोलल्या. वास्तविक माझ्याकडे पाहून सांगावयास हवे होते. घरात वडीलधारा मी आहे.

माझ्याविषयी एवढेच की मी चौथी उत्तीर्ण असून दिग्रसच्या धान्य व कापूस बाजारात एकतीस वर्षे मापारी होतो.

४ जुलै, गुरुवार.

औषधाच्या दुकानातून रेघा आखलेले एक लिटरचे प्लास्टिकचे भांडे आणले. नवे माप असेल तर प्रथम ते तपासावे, हा माझा नियम. सलाईनच्या बाटलीतील अर्धा लिटर पाणी ओतून पाहिले. रेघ बरोबर आहे.

आज पाणी १२५० मिलिलिटर. लघवी ७४०. रंग फिकट पिवळा. ताप नाही.

९ जुलै, मंगळवार.

शाळेच्या वेळेतील माप बुडते, सबब आज मधल्या सुट्टीत भांडे कापडी पिशवीत घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंना प्रयोजन सांगितले. त्यांनी हरकत घेतली नाही. परंतु स्वच्छतागृहाजवळ मुलींचा घोळका होता. त्यातील एक चुणचुणीत पोर ओरडली, "समे, तुहा आबाजी सू मोजाले आला वं!" सर्व मुली हसल्या. समीक्षाने मान खाली घातली. माप केवळ साठ भरले.

(लोक जसे बोलतात तसेच मी येथे लिहितो. साक्ष जशीच्या तशी उतरवावी. घरात मात्र शुद्ध बोलावे असा माझा आग्रह आहे. सूनबाई स्त्री असून "मी जातो, मी करतो" म्हणते. इकडची रीत तशी आहे, तरी मी अनेकदा दुरुस्त केले. उपयोग झाला नाही.)

मी समीक्षाला समजाविले की मोजमापात लाज नसते. लाज खोट्या मापात असते.

१२ जुलै, शुक्रवार.

माप घटले. ५६०. मी सांगितले की सहाशेच्या खाली आल्यास एक तांब्या पाणी जादा प्यावे लागेल, माझ्यासमोर उभे राहून. समीक्षा म्हणाली, "आबाजी, माह्या पोटात जागा नाई." जागा होते, असे मी सांगितले. तिने तांब्या संपविला. नंतर तिला ओकारी झाली. ओकारीचे प्रमाण मोजता आले नाही.

१५ जुलै, सोमवार.

समीक्षाने विनंती केली की भांडे मी बाहेरून द्यावे, दार लावून ती आत स्वतः भरून आणील. पाण्याचा गडूही ती आपल्या हाताने घेईल व पिऊन झाल्यावर मला सांगेल. मुलगी मोठी होत आहे. विनंती योग्य वाटली, मान्य केली.

आज ८००.

२४ जुलै, बुधवार.

डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले होते. मी नोंद चालू ठेवली आहे. सुरू केलेले काम अर्धे सोडणे मला जमत नाही.

वर्षावास सुरू झाला आहे. विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन असते व ते माझ्याकडे आहे. इतर शिकलेली मंडळी आहेत, पदवीधरही आहेत, पण जोडाक्षरे गिळतात.

वाचनानंतर धावजी भेटला. तो बाजारात माझ्या काट्यावर हमाल होता, आज त्याच्या मुलाचे टायरचे दुकान आहे. पायरीवर बसून म्हणाला, "काय मापारी, आज किती भरलं?"

"आठशे दहा," मी सांगितले.

"कालचं?"

"आठशे."

"अन् परवाचं?"

"आठशे वीस."

"वा! माह्या गाईच्या दुधाचा असा हिसाब लागत नाई बुवा," असे म्हणून तो पुष्कळ हसला. मग म्हणाला, "याद हाय का, तो कास्तकार वजन वाढवाले कापसात पाणी मारून आलता, गाडीभर? तुम्ही कोपरापासून हात घातला अन् म्हणले, घरी ने, वाळव, मग आण. सारा बाजार पाहे."

मला आठवते. एकतीस वर्षांत पाणी मारलेला कापूस माझ्या हाताला चुकला नाही. आणि एकदा मी वजन पुकारले की दुबार माप झाले नाही. कोणी मागितले तर मी काटा सोडून उठत असे. व्यापारीच मग मला बसवून घेत.

४ ऑगस्ट, रविवार.

प्रफुल्ल एस.टी.त वाहक असून उमरखेडला असतो, आठ दिवसांनी एक दिवस येतो. आज आला होता, दुपारच्या गाडीने गेला. जाताना दीपाला म्हणाला, "उद्या सोनोग्राफीले जा बरं. नंबर लावून ठेवला हाय मी." मला काही म्हणाला नाही. मागील वर्षी तो येथून बिऱ्हाड हलविण्याचे बोलत होता. दीपाने ते थांबविले असे शेजारी सांगतात. मला त्याची माहिती नाही.

५ ऑगस्ट, सोमवार.

सकाळी सातला दीपा समीक्षाची वेणी घालून तयार होती. मी वही काढून तिच्यासमोर ठेवली.

"ही बघ. तेहतीस दिवस. एकही दिवस रिकामा नाही. ताप किती वेळा?"

"एकही बार नाई, मामाजी."

"लघवी?"

"बराबर हाय."

"मग सोनोग्राफी कशासाठी?"

ती म्हणाली, "मॅडमनं सांगतलं होतं ना. ताप नसला तरी कराची म्हणे. पोटावरून नुसतं यंत्र फिरोते. दुखत नाई तिले."

मी सांगितले की मोजलेल्या मालाचे दुबार माप करावयाचे असेल तर पहिल्या मापाऱ्यास काही किंमत उरत नाही. त्यांना आकडे हवे असतील तर वही घेऊन जा. पोरीला नेऊ नकोस.

ती पिशवी धरून उभी राहिली. म्हणाली, "मामाजी, मी नेतो ना तिले. दोन घंट्यात येतो." माझा निर्णय झाला होता. थोड्या वेळाने तिने पिशवी खुंटीला अडकविली व समीक्षाला शाळेचा गणवेश घातला.

एक गोष्ट नमूद करतो. मे महिन्यात निदानासाठी जी नळी घालून तपासणी झाली, तीत समीक्षाला चौघांनी धरले होते. डावा पाय माझ्याकडे होता. ती "आबाजी, सोडा" असे म्हणत होती. मी सोडला नाही. त्या तपासणीचा व सोनोग्राफीचा संबंध नाही, हे मला माहीत आहे. केवळ आठवले म्हणून लिहिले.

दुपारी प्रफुल्लचा फोन दीपाला आला. ती मोरीपाशी उभी राहून बोलत होती. "हो, झालं. चांगलं हाय म्हणे," एवढेच ऐकू आले. बहुधा भाजीविषयी अथवा शेजारच्या कोणाविषयी असावे.

३० ऑगस्ट, शुक्रवार.

पाणी १३००. लघवी ८२०. रंग पाण्यासारखा स्वच्छ. गेले एकवीस दिवस अशीच स्वच्छ आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार.

समीक्षा जेवताना डाव्या कुशीला हात लावून बसली होती. दीपा म्हणाली, "परवाही अशीच करत होती. पाणी जास्त झालं की दुखते म्हणते." मी समीक्षाला विचारले. ती प्रथम माझ्याकडे व नंतर भांड्याकडे पाहून म्हणाली, "नाई दुखत."

शाळेत सहामाहीची तयारी सुरू आहे. पाढे आले नाहीत की मुलांचे पोट दुखते. मी स्वतः मुलगा होतो तेव्हाचे मला ठाऊक आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार.

दवाखान्यातून दीपाच्या मोबाइलवर फोन आला, की तीन महिने होऊन गेले, मुलीला आणले नाही. दीपा "हो, हो" म्हणत होती. मी फोन हाती घेतला व सांगितले, "मुलगी सर्वथा ठीक आहे. रोजची नोंद माझ्याकडे आहे. गरज वाटल्यास आम्ही येऊ." पलीकडील मुलगी म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून—" मी नमस्कार सांगून फोन ठेवला.

दीपा म्हणाली, "मामाजी, दिवाळीच्या सुट्टीत तरी नेऊ का?"

मी म्हणालो, "पाहू."

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

वर्षावासाची समाप्ती. विहारात खीर झाली. माझा शाल देऊन सत्कार केला. मी चार शब्द बोललो. समीक्षा पहिल्या रांगेत होती. तिने खीर घेतली नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी बाजारातून आलो तो घराला कुलूप. शेजारी विचारले. कोणास माहीत नव्हते. किल्ली माझ्याकडे नसते, कारण घर कधी बंद नसते. दोन तास ओट्यावर बसलो. येणारे-जाणारे विचारत होते. काय सांगावे हे मला माहीत नव्हते.

सव्वाबाराला दीपा समीक्षाला कडेवर घेऊन आली. सहा वर्षांची मुलगी कडेवर. मी विचारले, "कोणाला विचारून गेलीस?"

तिने कुलूप काढले. समीक्षाला खाटेवर निजविले. मग माझ्या हातात मोठे पाकीट दिले व म्हणाली, "सोनोग्राफी केली. डावी किडनी फुगून गेली म्हणते, पाण्यानं. आतच भरून राह्यलं सारं. नागपूरले आजच्या आज फोन करा म्हणे."

पाकिटातील कागद इंग्रजीत आहे. मला वाचता आला नाही.

कालचे माप ८१० आहे. हे मी तिला दाखविले. तिने वहीकडे पाहिले नाही.

१८ डिसेंबर, बुधवार. नागपूर.

काल दाखल झालो. प्रफुल्लही आला आहे. आज किडनीच्या कामाची तपासणी झाली. सुईतून औषध देऊन यंत्राखाली निजवितात. उजवी किडनी ९२ टक्के काम करते. डावी ८.

डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून दाखविले. जो उंचवटा उलट वाट बंद करण्यासाठी केला होता, तेथेच नळीचे तोंड आवळले गेले आहे. खाली उतरणारी वाटही बंद झाली. त्या म्हणाल्या, "शंभरात एखाद्याला होतं. कधी तेवढंही नाही. पण होतं तेव्हा गुपचूप होतं. ताप नाही, फारसं दुखणं नाही. म्हणून तर सोनोग्राफी सांगितली होती."

मी वही दाखविली. त्यांनी पाने उलटली. अनेक पाने उलटली. नंतर म्हणाल्या, "आजोबा, इतकी चांगली नोंद मी पाहिली नाही. पण हे दोन्हींचं मिळून आहे. एक बंद पडली की दुसरी दोघींचं काम करते. एकूण तेवढंच भरतं."

"म्हणजे माप चूक नव्हते," मी म्हणालो.

"माप चूक नसेल. पण त्यावरून डावीचं काही कळत नाही."

मी विचारले, "ऑगस्टमध्ये आणले असते तर वाचली असती का?"

"बहुतेक. नळीत स्टेंट टाकून वाट मोकळी करता आली असती. पण खात्रीनं नाही सांगत. कधी हा अडथळा उशिराही येतो."

"अंदाजे किती टक्के?"

"याला आकडा नसतो, आजोबा."

नंतर एक तरुण डॉक्टर केस पेपर लिहीत होता. त्याने विचारले की एक महिन्याची व तीन महिन्यांची तपासणी का झाली नाही. मी घसा साफ करीत होतो. तेवढ्यात दीपा म्हणाली, "मीच विसरलो सर. घरच्या कामात ध्यानातच नाई राह्यलं." दवाखान्याच्या गर्दीत ती गोंधळली असावी, म्हणून असे विपरीत बोलली.

प्रफुल्ल तिच्याकडे वळून म्हणाला, "तू तं मले सांगतलं होतं झाली म्हणून! फोनवर! चांगलं हाय म्हणे, असं म्हणली तू!"

ती म्हणाली, "हो."

डॉक्टरने लिहून घेतले. माझा घसा साफ झाला नव्हता.

२० डिसेंबर, शुक्रवार. नागपूर.

पाठीतून डाव्या किडनीत बारीक नळी घालून बाहेर पिशवी लावली आहे. दाब कमी झाल्यावर ती किडनी महिनाभरात किती काम करू लागते, ते पाहावयाचे. अन्यथा काढावी लागेल. निकामी किडनी आत ठेवली तर पुढे ताप व रक्तदाब यांचा त्रास होऊ शकतो.

पिशवीत येते ते केवळ डावीचे.

२६ डिसेंबर, गुरुवार. दिग्रस.

घरी आलो. समीक्षाला पिशवीसह आणले आहे. वहीत नवा रकाना आखला: डावीकडील. आज ४५.

२७ डिसेंबर. ५०.

२८ डिसेंबर. ४०.

३० डिसेंबर, सोमवार.

पिशवी रिकामी करताना समीक्षा पालथी पडून भिंतीकडे पाहत असते. आज मी रेघ वाचली व म्हणालो, "चाळीस." तिने विचारले, "कमी हाय का?"

मी होय म्हणालो.

ती म्हणाली, "यात पाणी टाकता येत नाई, आबाजी."

मी विचारले, कशात टाकता येते. तिने भांड्याकडे बोट दाखविले. म्हणाली, "तुम्ही मले प्याले देत होते ना, तेच टाकत होती मी. मले जात नव्हतं. अन् कमी भरलं की तुम्ही अजून देत होते."

मी विचारले, केव्हापासून.

"तुम्ही बाहेर उभे राहाले लागले तवापासून." मग म्हणाली, "रागावू नका."

मी रागावलो नाही, असे सांगितले. ते खरे आहे. मला काही वाटले नाही. पुढील बाजूची पाने उघडून पंधरा जुलैपासून डिसेंबरपर्यंत पाहिली. अक्षर एकसारखे आहे. कोठेही खाडाखोड नाही.

भांडे धुऊन ठेवले.

५ जानेवारी २०२५, रविवार.

प्रफुल्ल आला. समीक्षाजवळ बसला, तिला मोबाइलवर मांजरीची चित्रे दाखविली. दीपाने ताट वाढले. तो म्हणाला, "डेपोत खाऊन आलो." त्याने तिला नावाने हाक मारली नाही. दोन तासांत परत गेला. पूर्वी दिवसभर राहत असे.

दीपाने त्याचे ताट झाकून ठेवले व सायंकाळी स्वतः तेच जेवली.

११ जानेवारी, शनिवार.

धावजी आला होता. हल्ली तो माप विचारीत नाही. थोडा वेळ बसला, मग हळू आवाजात म्हणाला, "प्रफुल्ल सांगे बाजारात. म्हणे बायकोनं पोरगी बरबाद केली. मले पटलं नाई बुवा. ते सूनबाई असं विसरणारी नोहे."

मी म्हणालो की घरातील विषय बाजारात बोलू नयेत.

"मी कुठं बोलतो? मी तं तुम्हाले इचारतो."

तो तंबाखू मळत बसला. जाताना म्हणाला, "येतो, मापारी."

डावीकडील ५५.

२१ जानेवारी, मंगळवार. नागपूर.

पुन्हा तपासणी. डावी ९ टक्के. ८ चे ९ झाले. काढावयाचे ठरले. तारीख ५ फेब्रुवारी.

डॉक्टर बाईंनी समीक्षाला सांगितले की एका किडनीवर माणूस म्हातारा होतो, शाळेत जातो, धावतो, सगळे करतो. समीक्षाने विचारले, "मंग दोन कायले देल्या?" सर्व हसले. मीही हसलो असावा.

४ फेब्रुवारी, मंगळवार. नागपूर.

आज संमतीपत्र होते. डॉक्टर बाईंच्या खोलीत प्रफुल्ल, दीपा व मी. सही आई-वडिलांची लागते, माझी लागत नाही. तरीही मी खुर्चीवर बसलो.

संमतीपत्रापूर्वी त्यांनी आजाराची हकीकत मराठीत वाचून दाखविली. इंजेक्शन दोन जुलै. पुढे असे वाचले: "मुलीची आई विसरल्यामुळे नियोजित तपासण्या झाल्या नाहीत." दीपाने पेन हातात घेतले होते. प्रफुल्ल खिडकीबाहेर पाहत होता.

मी म्हणालो, "ही नोंद चुकीची आहे."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "कोणती?"

"आई विसरल्यामुळे, ही. ती विसरली नव्हती."

"आजोबा, आता यानं उपचारात काही फरक पडत नाही. आपण पुढचं पाहू."

"फरकाचा प्रश्न नाही. नोंद चुकीची आहे. मी सांगतो तसे लिहून घ्यावे."

दीपा म्हणाली, "मामाजी, राहू द्या ना. कायले आता." तिने माझी बाही धरली होती. यापूर्वी तिने कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हता.

मी उभा राहिलो. बसून सांगणे योग्य वाटले नाही. सांगितले ते असे: "पाच ऑगस्ट रोजी मुलीची आई तिला सोनोग्राफीस नेण्यासाठी तयार होती. मुलीचे आजोबा उकंडा यांनी मना केले. चौदा ऑक्टोबर रोजी दवाखान्याचा फोन आला असता त्यांनीच तो घेतला व मुलीस आणण्याचे नाकारले. बारा डिसेंबर रोजी आईने आजोबांना न विचारता तपासणी केली, म्हणून आजार कळला. आजोबांनी ठेवलेली लघवीची नोंद पंधरा जुलैपासून विश्वासार्ह नाही. मुलीस पाणी जबरदस्तीने पाजले जात होते, ते ती भांड्यात ओतत होती. यात मुलीचा दोष नाही."

डॉक्टर बाई लिहीत होत्या. मध्ये एकदा थांबल्या व विचारले, "मना का केलंत?"

मी विचार केला. दुबार मापाचे कारण सांगता आले असते. मी म्हणालो, "मे महिन्यात तिचा पाय मी धरला होता." हे त्यांनी लिहिले नाही. लिहिण्यासारखे ते नव्हतेच.

त्यांनी वाचून दाखविले. एका ठिकाणी "सासऱ्यांच्या गैरसमजामुळे" असे होते. मी सांगितले की गैरसमज नव्हता, मनाई होती. त्यांनी दुरुस्त केले. मी खाली सही केली.

प्रफुल्ल म्हणाला, "दीपा." मग म्हणाला, "दीड महिना मी तुले—"

ती म्हणाली, "तुम्ही घर सोडून जासान म्हणून. बुढा माणूस एकटा राहीन."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तिच्या हातातील पेन घेऊन स्वतः प्रथम सही केली, पेन तिला परत दिले, आणि तिची पिशवी उचलली. दोघे समीक्षाच्या खाटेकडे गेले. डॉक्टर बाईंनी विचारले, "आजोबा, पाणी हवं का?" मी नको म्हणालो.

रुग्णासोबत दोघांनाच राहू देतात. मी दुपारच्या गाडीने दिग्रसला परत आलो.

५ फेब्रुवारी, बुधवार. दिग्रस.

शस्त्रक्रिया सकाळी आठला होती. दहापर्यंत व्हावयास हवी होती. माझ्या मोबाइलवर फोन आला नाही. मोबाइल चार्ज आहे, हे दोनदा तपासले.

दुपारी सव्वा वाजता धावजी आला. चप्पल न काढता उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "झालं म्हणते प्रफुल्ल. डावी काढली. पोरगी शुद्धीवर हाय, बोलून राह्यली." मग म्हणाला, "माह्या मोबाइलवर आलता फोन."

फोन माझ्याकडे का आला नाही, हे मी विचारले नाही. तो अजून उभाच होता.

"अजून काही म्हणला प्रफुल्ल?" मी विचारले. मी असे 'म्हणला' कधी बोलत नाही.

"समी इचारत होती म्हणे, आबाजी कुठं गेले."

"मग?"

"प्रफुल्ल काही बोलला नाई म्हणते. सूनबाई म्हणली, येतीन."

धावजीने घरात पाहिले. चुलीकडे पाहिले. म्हणाला, "जेवले का?"

मी होय म्हणालो. जेवलो नव्हतो.